धातूच्या रॅकवरची सात खोकी

आंबीच्या आमच्या कारखान्यात चिनी मशीन आलं, तेव्हा त्याच्याबरोबर सुट्या भागांची एकशे बारा खोकी आली. दोन ट्रक होते. पहिला वेळेवर पोचला, दुसरा लोणावळ्याच्या शनिवारच्या गर्दीत अडकून दिवस मावळताना आला. स्टोअर माझ्याकडे आहे. बिल, मालाची यादी आणि प्रत्यक्ष माल या तीन गोष्टी एकमेकींशी जुळल्याशिवाय मी सही करत नाही, हे ट्रकवाल्यांनाही माहीत आहे. त्या दिवशी मी सही केली नाही. इंग्रजी यादीत चाळीस ओळी होत्या आणि एकेचाळिसाव्या ओळीत लिहिलं होतं, 'इतर सुटे भाग'. खोक्यांवर जे काही लिहिलं होतं ते सगळं चिनीत.

मेंटेनन्सचे इंजिनिअर वलवणहून येतात. त्यांना प्रत्येक गोष्टीवर फोन हा एकच इलाज माहीत आहे.

"मॅडम, फोन धरा लेबलासमोर. तो वाचून दाखवतो."

मी फोन धरला. सकाळी एका खोक्यावर त्याने 'मऊ नळी' असं वाचलं. जेवणानंतर त्याच खोक्यासमोर पुन्हा धरला, तर 'हळवी बासरी'. खोकं तेच, लेबल तेच, उजेड तोच. जो माणूस सकाळी एक आणि दुपारी दुसरं सांगतो त्याच्या शब्दावर मी रॅक लावत नाही. फोनच्या शब्दावर का लावू?

त्या रविवारी पुण्यात जुन्या पुस्तकांच्या फूटपाथवरून मी एक चिनी-इंग्रजी शब्दकोश आणला. तो उघडल्यावर पहिला प्रश्न पडला की यात शब्द शोधायचा कसा. त्यांच्या लिपीत क, ख, ग नाही. अक्षरं हजारो. मग समजलं, त्यांनी अक्षरांची घरं पाडलेली आहेत. प्रत्येक अक्षरात एक भाग असा असतो, ज्याच्यावरून ते कुठल्या घरचं ते ठरतं. जुन्या पद्धतीत अशी दोनशे चौदा घरं, माझ्या कोशात थोडी कमी. इंग्रजीत या भागाला रॅडिकल म्हणतात. मी त्याला कुळखूण म्हणू लागले. आधी खूण ओळखायची, तिच्या पानावर जायचं, मग अक्षरातल्या उरलेल्या रेघा मोजायच्या. चार रेघा उरल्या तर चारच्या रांगेत बघायचं. तिथे अक्षर बसलेलं असतं.

मला ही पद्धत लगेच पटली. माझ्या स्वयंपाकघरात मिठाच्या डब्यावर 'मीठ' असं लिहिलेलं असतं आणि आत मीठच असतं. आमच्या घरातले लोक याची चेष्टा करतात. सासूबाईंच्या काळात बिस्किटांच्या डब्यात सुई-दोरा आणि चहाच्या डब्यात जिरं असायचं, आणि सगळं त्यांना डोळे मिटूनही सापडायचं. पण फक्त त्यांनाच. मी आजारी पडले तरी दुसऱ्याला जिरं सापडलं पाहिजे, असं माझं मत आहे.

तीन आठवडे संध्याकाळचा तास काढून मी सत्तर-ऐंशी खुणा पाठ केल्या आणि स्टोअरमध्ये त्या खुणांप्रमाणे रॅक लावले. लेबलावरच्या पहिल्या अक्षराची खूण बघायची आणि खोकं त्या रॅकवर ठेवायचं. डावीकडे तीन थेंब असतील तर पाण्याच्या रॅकवर: तेलाचे सील, गाळण्या. व्हॉल्व्ह दाराच्या घरात. स्क्रू किड्याच्या घरात, कारण त्यांच्या भाषेत स्क्रूला गोगलगायीचं अक्षर आहे आणि गोगलगाय किड्यांत मोडते. रबराचा डिंकाशी संबंध आणि डिंकाचा मांसाशी, म्हणून रबरी वॉशर मांसाच्या रॅकवर. इंजिनिअर ती पाटी वाचून म्हणाले, "मॅडम, श्रावणात वॉशर चालतील ना?"

सगळ्यात मोठा रॅक धातूचा. लोखंड, पोलाद, तांबं, ॲल्युमिनियम, खिळा, साखळी, सगळं त्या एका खुणेखाली. 'चूक' या अर्थाचं अक्षरही त्याच घरात आहे. ते का, हे मला कोशात सापडलं नाही. मशीनच्या भागात ते लागणार नव्हतं, म्हणून मी नाद सोडला.

स्टोअरमध्ये माझ्या हाताखाली कंत्राटावरचे पाच मदतनीस होते, त्यांतले एक सगळ्यांत जुने. भाजे गावचे, घरची भातशेती, वय माझ्यापेक्षा दहा वर्षांनी जास्त. सगळे त्यांना भाऊ म्हणायचे, मीही. अकरा वर्षं ते या स्टोअरमध्ये खोकी उचलत होते. मराठी चौथीपर्यंत, इंग्रजी शून्य. मला वाटलं होतं की या खुणा त्यांना शिकवायला मला दोन महिने लागतील. त्यांना चार दिवस लागले.

"ताई, ह्ये लय सोपं हाय," ते म्हणाले. "आडनाव आदी वाचायचं, नाव मागनं. आडनाव कळलं की घर घावतं."

त्यांनी खुणांना नावंही पाडली. तीन थेंबांचा 'गळका'. दाराची 'चौकट'. किड्याचं 'टोचल्यालं खोकं', कारण ती खूण चौकोनातून सळई आरपार गेल्यासारखी दिसते. धातूची 'छपरी', वर उतरतं छप्पर आणि खाली आकडा. फिटर सामान मागायला आला की मी कोश उघडायच्या आत भाऊंनी खोकं आणून टेबलावर ठेवलेलं असायचं.

इथे मला आनंद व्हायला हवा होता. मला शंका आली.

त्याला कारण होतं. काही वर्षांपूर्वी याच स्टोअरमधून पितळेचे नळ गेले होते. आठ दिवस मला ऑफिसमध्ये बोलावून विचारत होते, तेच तेच प्रश्न, वेगवेगळ्या माणसांकडून. शेवटी काही सिद्ध झालं नाही, पण 'मॅडमच्या काळात' हे दोन शब्द कारखान्यात राहिले. तेव्हापासून मी एक वेगळी वही ठेवते. तिच्यात मालाची नोंद नसते. कोण कुठे उभा होता, किती वेळ, कशासाठी, एवढंच असतं.

त्या वहीत भाऊंच्या नोंदी वाढत गेल्या. धातूच्या रॅकपाशी काम नसताना उभे. खोकं उचलून कानाशी धरलं, हलवलं, खाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, दुसऱ्या खोक्याबरोबर. मी आले की हात खाली.

मग एका दुपारी ते जेवायला गेले असताना मी त्या रॅकवरची खोकी एकेक करून उलटी केली. सात खोक्यांच्या बुडाला गेरूचा ठसा होता. अंगठ्याएवढा, लाल, मुद्दाम बुडाला. मी लेबलं कोशातून पुन्हा तपासली. सातही तांब्याच्या बुशची. बुश म्हणजे फिरत्या दांड्याभोवती बसणारं कडं. तशी एकोणीस खोकी होती, त्यातल्या सातांवर खूण. आणि त्या सातांपैकी एकाची चिकटपट्टी कापून पुन्हा चिकटवलेली.

स्टोअरमधून चोरीला जातं ते तांबं आणि पितळ. हे भंगारवाल्यापासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. ज्याला चिनी येत नाही असं मी समजत होते, त्याने शंभरावर खोक्यांतून तांबंच वेचून त्यावर खूण केली होती. मी वहीत ते लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

मी त्यांना विचारायला हवं होतं. विचारलं तर चोर सावध होतो, असा माझा हिशेब होता. म्हणून मी रॅकच्या कडेला रांगोळीची बारीक ओळ टाकून ठेवली. कुणी खोकं ओढलं तर ती मोडणार.

सकाळी आले तर भाऊ फडक्याने रॅक पुसत होते.

"ताई, हितं रांगुळी सांडलीया. मुंग्या येत्याल."

"रांगोळीला मुंग्या येत नाहीत, भाऊ."

"न्हाई येत?" त्यांनी फडकं झटकलं. "मंग घातली कशाला?"

मी कालची बिलं चाळायला घेतली. ते फडकं हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. तेव्हा मी ते निर्ढावलेपण समजले आणि तसंच लिहिलं.

त्याच आठवड्यात कंत्राट नवं व्हायचं होतं. कुठले मदतनीस ठेवायचे त्यांची यादी दरवेळी मी करून देते. माझ्या यादीबाहेरच्या माणसाला कंत्राटदार बोलावत नाही. स्टोअरचे पाच जण होते. मी चार नावं पाठवली. मॅनेजरनी विचारलं, एक कमी कसा? मी म्हटलं, "विश्वास राहिला नाही." पुरावा त्यांनी मागितला नाही. पितळेच्या नळांची आठवण त्यांनाही होती.

दुपारच्या चहाला भाऊ माझ्या टेबलापाशी आले. कप हातातच होता.

"ताई, यादी गेली का?"

"गेली."

"बरं."

एवढंच. त्यांनी चहा संपवला, कप विसळला आणि 'चौकटी'चा रॅक आवरायला गेले. महिनाअखेर नऊ दिवसांवर होती.

चौथ्या दिवशी फिटरने तांब्याच्या बुश मागितल्या. मशीनचा एक दांडा उघडला होता. मी भाऊंना पाठवलं नाही. स्वतः गेले, खूण केलेल्या सातांतलं एक खोकं उचललं, आणि साक्षीदार म्हणून इंजिनिअरना बोलावून घेतलं. माझी खात्री होती की खोकं अर्धं रिकामं निघणार. सगळ्यांसमोर निघावं, अशी माझी इच्छा होती.

खोकं भरलेलं होतं. लेबलावर चोवीस, आत चोवीस. मी दोनदा मोजलं.

फिटरने एक बुश तळहातावर घेतली, वर-खाली केली आणि म्हणाला, "मॅडम, हे तांबं नाही."

"लेबल बघ. तांबं आहे."

"लेबल असू द्या हो. हातात घेऊन बघा."

मी हातात घेतली. रंग तांब्याचा. वजन खेळण्याचं. त्याने कानशीने एक रेघ मारली, तर रंगाखालून पांढरट ॲल्युमिनियम दिसलं. इंजिनिअर एकदम गंभीर झाले. ही बुश बसवली असती तर महिनाभरात दांडा झिजून गेला असता, असं ते म्हणाले. त्यांनी तांब्याची सगळी खोकी टेबलावर आणवली. एकोणीस उघडली. बारा खरी, सात खोटी. खोटी सातही गेरूच्या ठशाची. खऱ्या बारांवर ठसा नव्हता.

चिकटपट्टी कापलेल्या खोक्यात तेवीस होत्या.

मी भाऊंना बोलावलं. इंजिनिअर आणि फिटर तिथेच उभे होते.

"भाऊ, या खोक्यांवर खूण तुम्ही केली?"

"व्हय."

"का?"

"पोचट हायेत म्हनून."

मला कळलं नाही. त्यांनी बुश उचलून माझ्यासमोर ठेवली. "आवो ताई, भाताचं पोतं. वरनं सारकंच दिसतं, आतमदी दाना भरल्यालाच नसतो. उचललं की कळतं. आमच्या घरात पोचट पोत्याला बुडाला गेरू लावत्यात, म्हंजी बियान्याला कुनी चुकून उचलू नये. ही सात खोकी हलकी लागली. आडनाव एक, नाव एक, आकार एक, आन् वजन दोन? आसं आसतंय का कुटं?"

"मग मला सांगायचं नाही का?"

इंजिनिअरनी मान खाली घातली, म्हणजे त्यांना पुढचं उत्तर आधीच समजलं असावं.

"सांगितलं की," भाऊ म्हणाले. "रॅक लावत हुतो तवाच. म्हनलं, ताई, ही खोकी हलकी हायेत. तुमी कोश उगडून बगितलं आन् म्हनला, तांबंच हाय, जाग्यावर ठेवा. मी ठेवली."

त्यांनी सांगितलं होतं. ते बोलत असताना मला ते आठवलं: त्यांचा आवाज, माझं बोट कोशाच्या पानावर, आणि अक्षर सापडल्याचा माझा आनंद. माझ्या कुठल्याच वहीत त्याची नोंद नाही. लेबल वाचता आल्यावर आत काय आहे हा प्रश्न मला पडलाच नव्हता. खोकी अक्षरांच्या कुळाप्रमाणे लावली होती मी, मालाच्या नाही. आणि दोन्ही एकच असं धरून चालले होते.

"दुसऱ्यांदा सांगायचं होतं," मी म्हटलं. हे म्हणायला नको होतं.

"दुसऱ्यांदा सांगितलं असतं तर तुमी इचारलं असतं, भाऊ, खोकं उगडलं कुनी." त्यांनी फिटरकडे बघितलं. "न्हाईतर रांगुळी घातली असती."

फिटरला रांगोळीचं माहीत नव्हतं, तरी तो हसला. मी हसले नाही.

"आणि याची पट्टी कुणी कापली? यात एक कमी आहे."

"म्या न्हाई."

"मग कुणी?"

"मला ठावं न्हाई. तितनंच तसं आलं आसंल. ज्यानं खोटं भरलं त्यो मोजून भरंल व्हय?"

बोलणं बरोबर होतं. तरीही मी त्यांच्या चेहऱ्याकडे नको तितका वेळ बघितलं, आणि ते त्यांना दिसलं. त्या चोविसाव्या बुशची नोंद आजही माझ्या वहीत उघडी आहे. पट्टी कस्टमच्या तपासणीत कुणी कापली असेल, ट्रकमध्ये फाटली असेल, किंवा भाऊंनी एक बुश घरी नेऊन वजन केलं असेल. यातलं काहीही मी सिद्ध करू शकत नाही, म्हणून खोडतही नाही.

इंजिनिअरनी मशीन पाठवणाऱ्यांना फोटोंसह पत्र लिहिलं. दोन दिवसांनी उत्तर आलं: लेबल तपासलं, लेबल बरोबर आहे.

यादी मात्र गेलेली होती. खोकी उघडली त्याच दुपारी मी मॅनेजरकडे गेले आणि सांगितलं की पाचवं नाव माझ्या चुकीने राहिलं. 'विश्वास राहिला नाही' हे वाक्य चार दिवसांपूर्वी माझ्याच तोंडून त्यांनी ऐकलं होतं. ते म्हणाले, "मॅडम, नक्की काय ते ठरवा. विश्वास नाही की नाव राहिलं?"

"विश्वास नव्हता. माझा अंदाज चुकला."

"लिहून द्या."

मी लिहून दिलं. वीस-बावीस वर्षांत मी कितीतरी लोकांकडून लिहून घेतलं आहे. लिहून दिलं ते पहिल्यांदा. खोक्यांचा सगळा तपशील घातला, कुणी ओळखलं ते घातलं, मी काय केलं तेही घातलं. रांगोळी वगळली. कंत्राटदाराने तोवर स्टोअरसाठी दुसरा माणूस ठरवला होता. तीन दिवस मी कंत्राटदाराला फोन करत होते. शेवटी तो म्हणाला, स्टोअरची जागा भरली, गेटवर एक जागा आहे, चालत असेल तर बघा.

मी भाऊंना सांगितलं आणि म्हटलं, दोन महिने थांबा, मी तुम्हाला परत स्टोअरला घेते.

"नगं," ते म्हणाले.

"का? इथलं काम तुम्हाला येतं. तुमच्याइतकं कुणालाच येत नाही."

"काम येतं वो ताई. पन हितं बसलं की पाठ राखावी लागती. गेटावर माजी पाठ भिताडाला आसती."

पुढच्या महिन्यापासून ते गेटवर आहेत. निळा गणवेश त्यांना खांद्यात मोठा होतो. स्टोअरमध्ये आलेला नवा माणूस चांगला आहे, वेळेवर येतो, पण धातूची आणि खाण्याची खूण त्याला अजून वेगळी दिसत नाही. मी प्रत्येक रॅकशेजारी वजनकाटा ठेवला आहे. खोकं आधी काट्यावर, मग जागेवर. पाट्यांवर खुणेखाली वजनाचा रकाना आला.

संध्याकाळी सुटताना गेटवर पिशव्या बघायचा नियम आहे. तो पितळेच्या नळांनंतर झाला आणि त्याचा मसुदा माझाच आहे. ऑफिसच्या लोकांच्या पिशव्या मात्र कुणी बघत नसे. आम्ही मान हलवायचो आणि निघायचो. भाऊंच्या पहिल्या संध्याकाळी मीही मान हलवली.

"ताई, पिशवी."

"माझी?"

"समद्यांची बगायची आसं लिवलंय न्हवं? तुमीच लिवलंय."

मागे तळेगावला जाणाऱ्या गाडीसाठी रांग लागली होती. कुणीतरी खोकलं. मी पिशवी टेबलावर ठेवून उघडली. डबा, पाण्याची बाटली, चष्म्याचं घर, ती वही. त्यांनी डब्याचं झाकण काढून बघितलं, परत लावलं. वहीवर हात ठेवला, उघडली नाही.

"ह्यात माजं नाव हाय का आजून?"

खोटं बोलता आलं असतं. "आहे," मी म्हटलं. "खाली काय झालं तेही लिहिलंय."

"आसू द्या," ते म्हणाले. वही त्यांनी नीट पिशवीत ठेवली, चेन ओढली आणि पिशवी माझ्याकडे सरकवली. मी ती खांद्याला लावून निघाले, तसा त्यांचा हात पुन्हा आडवा आला.

"छत्री ऱ्हायली. उगडा."

मी छत्री उघडली.